पानीचा ट्रे

मी एक जुना ट्रे आहे, मित्रांनो. चहाचा नव्हे. चहाच्या ट्रेला घरात केवढा मान, पाहुणे दारात दिसले की आधी त्याला पुसतात. मी कामाच्या टेबलावरचा ट्रे. हातभर लांब, वीतभर रुंद, कडा बोटभर उंच, आणि एका कोपऱ्यात चिमट्याचे ओरखडे. रंग विचाराल तर हिरवा. इतका गडद हिरवा, की घाईत बघणारा काळा म्हणून मोकळा होतो. पण मी हिरवाच आहे आणि या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. स्वभावाने थोडा आंबट आहे, तेही लपवत नाही. या दोन गोष्टींपायी एका भल्या माणसावर काय वेळ आली होती, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी चारचौघांसारखा पांढरा प्लास्टिकचा ट्रे होतो. विजेचं आणि प्लास्टिकचं वाकडं असतं हे तुम्हाला ठाऊक असेल. विजेच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण घालतात ते त्यासाठीच, वीज त्यातून बाहेर येत नाही. मलाही वाटलं, आपण असेच थंड डोक्याने कुठेतरी भाजी निवडायला जाणार. पण मला उचलून शेजारच्या खोलीत नेलं. तिथे आंबूस वास भरलेला होता, आणि पांढरा कोट घातलेल्या एक रसायनवाल्या बाई नाकावर घसरणारा चष्मा मनगटाने वर सारत काम करत होत्या. त्यांनी माझ्या सर्वांगावर हिरवा लेप दिला.

गंमत अशी की तो लेपसुद्धा प्लास्टिकच्याच गोतावळ्यातला. फक्त त्याच्या अंगात आम्ल मुरवलेलं असतं, आणि त्या आंबटपणामुळे वीज त्यातून हळूहळू चालत जाते. त्याचं पूर्ण नाव पॉलिअ‍ॅनिलीन. एवढं लांबलचक नाव दिवसभर कोण घेणार? म्हणून कारखान्यात सगळे त्याला लाडाने 'पानी' म्हणत. 'पाणी' नव्हे, मित्रांनो, 'पानी'. त्यातला 'न' हा नळातला 'न', पण नळातल्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण ज्यांनी लक्षात ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही.

आमचं घराणं मोठं आहे. माझ्या भाऊबंदांपैकी कोणी लोखंडी टाक्यांवर रंगाखाली बसून गंजाला अडवतो. कोणी कापडावर चढून थंडीत काम करणाऱ्यांचे हातमोजे गरम ठेवतो. एक चुलतभाऊ संगणकाच्या आत मुगाच्या दाण्याएवढ्या डबीत बसून वीज साठवतो आणि सोडतो. दुसरा तर फिल्मच्या गुंडाळीवर धूळ चिकटू नये म्हणून आयुष्यभर पाठ टेकून पडून असे. एक दूरची बहीण कुठे वायू गळत असला तर हुंगून सांगते. बोटाने चालणाऱ्या काही पडद्यांतही आमच्यातलं कोणीतरी असतं, पण ते इतकं पारदर्शक की दिसतच नाही, आणि त्यामुळे त्याला कोणी विचारतही नाही. मी त्या मानाने साधा. पण बाईंनी मला उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान उतरलाय." पहिलं कौतुक कोण विसरतं?

मला न्यायला आले ते कानवाले काका. त्यांचं खरं नाव काहीतरी वेगळं असणार, पण ऐकू न येणाऱ्या लोकांची कानातली मशीनं ते दुरुस्त करत, म्हणून सगळं गाव त्यांना कानवाले काका म्हणे. रसायनवाल्या बाई त्यांना म्हणाल्या, "हा पानीचा ट्रे आहे हं. जपून वापरा." मागे कारखान्याची यंत्रं घरघरत होती. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "पाण्याचा आहे? उत्तम. म्हणजे पाण्याला घाबरायला नको." बाईंना ते ऐकू गेलं नाही. अशा रीतीने दोन शहाण्या माणसांनी एकमेकांचं काही न ऐकता व्यवहार पुरा केला, आणि मी मध्ये कागदात गुंडाळलेला.

खरं सांगायचं तर जगाचे कान दुरुस्त करणाऱ्या या माणसाचे स्वतःचे कान जरा कच्चेच होते. पण ते कबूल करतील तर शपथ.

काकांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मागे घर, मध्ये पडदा. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पिवळा दिवा, दिव्याखाली मी. माझ्या एका कोपऱ्याला तार जोडलेली, ती भिंतीतून थेट जमिनीत गेलेली. दुसऱ्या कोपऱ्याला काकांच्या मनगटावरच्या पट्ट्याची चिमटी. दोन कोपऱ्यांच्या मधलं अंतर माझ्या अंगावरून कापायचं.

हे सगळं कशासाठी? तुम्ही थंडीत स्वेटर डोक्यावरून काढता तेव्हा चटचट आवाज होतो ना? कधी दाराच्या कडीला हात लावला की बारीकसा चटका बसतो. तीच ती अंगावर साठलेली वीज. तुम्हाला चटका बसून तुम्ही हसता, पण कानातल्या मशीनचं आतलं काळीज तांदळाच्या कणीएवढं असतं. तुम्हाला कळणारसुद्धा नाही एवढ्या विजेने ते बंद पडतं. म्हणून काकांच्या अंगावरची वीज पट्ट्यातून माझ्यावर यायची, माझ्यावरून तारेत आणि तारेतून जमिनीत. मी तिला सावकाश वाट करून द्यायचो. वर्षानुवर्षं मी हे काम केलं आणि माझ्यावर ठेवलेलं एकही मशीन दगावलं नाही.

काकांचे हात बघावेत. बोटं जाडजूड, पण चिमट्यात केसासारखी तार धरली की ती जागची हलायची नाही. काम झालं की ते मशीन स्वतःच्या कानाला लावून टिचकी वाजवत, आणि गिऱ्हाईकाला देत. एखादे आजोबा कानात मशीन घालून रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकून दचकत. काका तेव्हा माझ्यावर बोटं वाजवत बसत, खुशीत असले की त्यांना ती सवय होती. मग कोरड्या फडक्याने मला पुसत आणि दिवा मालवत.

काकांच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सूनबाई आली. काकू जाऊन बराच काळ लोटला होता. दोघे पुरुष, घरात बोलणं कमी आणि जळलेलं दूध जास्त, असा कारभार होता. सूनबाईने आठवड्याभरात घराचा चेहरामोहरा बदलून टाकला. तिला मामंजींविषयी फार जिव्हाळा. त्यांनी एकदा "हवेत गारवा आहे" म्हटलं, तर तिने लगेच लोकर आणून स्वेटर विणायला घेतला. मऊ, चकचकीत, धुतला तरी आटणार नाही अशी नकली लोकर. काकांनी तो अंगात घातला आणि आरशासमोरून दोनदा उगाच गेले. मी टेबलावरून पाहत होतो.

मग तिची नजर माझ्यावर पडली.

"मामंजी, हा ट्रे किती कळकट झालाय. धुतला तर चालेल का?"

काका चष्मा पुसत होते. म्हणाले, "चालेल की. पाण्याचाच आहे तो."

बघा, मित्रांनो. पोरीने विचारलं होतं. न विचारता काही केलं असतं तर मी तिला दोष दिला असता. तिने विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि दोघांच्याही मनात माझ्याविषयी मायाच होती. काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले असताना तिने मला मोरीत नेलं. गरम पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा चांगला मूठभर टाकला, आणि मला त्यात बुडवून ठेवलं. मग ब्रश घेऊन कानाकोपरे घासले. नुसत्या पाण्याचं मला काही वाटलं नसतं. पण सोडा हा आंबटपणाचा वैरी. माझ्या अंगात मुरलेलं सगळं आम्ल त्याने ओढून काढलं, आणि बघता बघता मी निळा पडलो.

सूनबाई मला उजेडात धरून हरखली. "अगबाई, मुळात निळा आहे होय हा. किती मळ बसला होता."

तिने मला मऊ टॉवेलने पुसलं, जागेवर ठेवलं, तार आणि चिमटी होती तशी लावली. इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी हाताळलं नव्हतं. आणि मी आतून बंद पडलो होतो. आता मी पुन्हा साधा प्लास्टिकचा ट्रे होतो. वीज माझ्या काठाशी यायची आणि अडून बसायची.

काकांना रंग कळला नाही. पिवळ्या दिव्यात त्यांच्या जुन्या डोळ्यांना गडद हिरवं काय, गडद निळं काय, सगळं काळंच. त्यात हवा कोरडी पडली, आणि अंगात तो चकचकीत स्वेटर. काका खुर्चीत बसले, हलले, की वीज तयार. तिला जमिनीत जायला वाट नाही. मग ती चिमट्याच्या टोकातून जायची ती थेट त्या कणीएवढ्या काळजात.

पहिलं मशीन बंद पडलं तेव्हा काका म्हणाले, भागच खराब असेल. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी मीटर आणून तार तपासली. तार ठणठणीत होती. मनगटाचा पट्टा तपासला, तोही चांगला. मला तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांच्या सोबत्यावर कोण संशय घेतो? आणखी मशीनं आली, उघडली, जोडली, आणि मुकीच परत गेली. काही चालू होऊन गेली आणि चार दिवसांनी बंद पडून परत आली. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नसत. पण एक आजोबा आपलं मशीन न दुरुस्त करताच खिशात घालून निघून गेले, ते काकांनी पाहिलं.

मग काका आपल्या हातांकडे बघायला लागले. दिवा जवळ ओढून हात त्याच्याखाली पसरायचे आणि बोटं थरथरतात का ते बघत बसायचे. इतकं टक लावून बघितलं तर कोणाचीही बोटं थरथरतील. त्यांना वाटलं, झालं, हात गेले. माझ्यावर बोटं वाजवणं तर कधीच थांबलं होतं. जेवताना वरणाची वाटी ते दोन्ही हातांनी धरायला लागले. सूनबाईला काळजी लागली, पण मामंजींना विचारायचं कसं म्हणून ती गप्प राहिली. मुलाला मात्र काकांनी एका सकाळी सांगून टाकलं, "दुकान बंद करतोय. शिंपीणबाईंचं कानातलं मशीन तेवढं अंगावर आहे. ते करून देतो आणि थांबतो."

मुलगा म्हणाला, "बाबा, आराम करा. खूप झालं आता."

आराम करा म्हणजे काय, मित्रांनो? ज्या माणसाला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे, त्याने सकाळी उठून काय करायचं? मी त्यांच्या हाताखाली पडून होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, की काका, हात तुमचे शाबूत आहेत, निळा मी झालोय. पण ट्रेचं कोण ऐकणार?

शिंपीणबाई नाक्यावर कपडे शिवत. त्यांचं मशीन याआधी दोनदा बंद पडून परत आलं होतं, तरी त्या काकांकडेच यायच्या. त्या दिवशी टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. मशीन काकांच्या हातात, म्हणजे बाईंना ऐकू शून्य. ज्याला ऐकू येत नाही तो बघत बसतो. बाईंनी दिवा बघितला, पडदा बघितला, खिडकीतून माझ्यावर पडलेलं ऊन बघितलं. आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या, "ट्रे नवा घेतलात का हो?"

काकांनी मान हलवली, नाही.

"नवाच आहे. आधीचा हिरवा होता. बाटलीच्या काचेसारखा. मी त्याच रंगाचा दोरा एकदा शोधत होते म्हणून लक्षात आहे. हा तर निळा आहे."

काकांनी खुणेने सांगितलं, धुतलाय.

"धुतल्याने रंग विटतो, काका. हिरव्याचा निळा होत नाही. आम्ही दिवसभर काय करतो?"

काकांनी मला उचललं आणि खिडकीत नेलं. उन्हात धरून पहिल्यांदाच नीट पाहिलं. नंतर मीटरच्या दोन्ही तारा माझ्या अंगावर टेकवल्या. मीटर गप्प. त्यांनी तारा दाबून बघितल्या, कोपरा बदलून बघितला. मग मला तसंच काखेत धरून त्यांनी रसायनवाल्या बाईंना फोन लावला. ऐकायला कमी येतं हे मान्य नसल्यामुळे फोनचा आवाज कायम पूर्ण मोठा असायचा, त्यामुळे बाई काय म्हणाल्या ते पडद्याआड सूनबाईलाही स्पष्ट ऐकू गेलं.

"निळा झालाय? मग सोड्याने किंवा साबणाने धुतला असणार कोणीतरी. अहो, मी सांगितलं होतं ना, पानीचा आहे म्हणून?"

"हो, म्हणूनच तर. पाण्याचा आहे म्हणालात."

"पाण्याचा नाही हो, पानीचा. पा-नी. लेपाचं नाव आहे ते."

काकांचे कान लाल झाले.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "सोड्याने त्याचा आंबटपणा गेलाय, एवढंच. जिवंत आहे तो. मी बाटली पाठवते, हातमोजे घालून सांगते तसं करा. आणि कामाला बसताना लोकरीचं काही घालता का?"

"सुनेने विणलेला स्वेटर आहे."

"तो बाहेर जाताना घाला. टेबलापाशी नको."

सोडा घालणारं घरात एकच माणूस होतं, हे काकांना कळायला वेळ लागला नाही. पण ते पडद्याकडे बघून गप्प बसले. पोरीला उगाच वाईट वाटेल, नाव काढायला नको, असं त्यांनी ठरवलं. स्वेटर काढला, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि शिंपीणबाईंना खुणेने सांगितलं, दोन दिवसांनी या. पडद्याआड उभ्या असलेल्या सूनबाईला एवढंच दिसलं, की मामंजी काही बोलले नाहीत आणि त्यांनी तिने विणलेला स्वेटर काढून टाकला.

ते दोन दिवस घरात जी शांतता होती, तिच्यापेक्षा मला सोडा बरा वाटला होता.

बाटली आली. काकांनी हातमोजे घातले, खिडकी उघडली आणि मला त्या पातळ आंबट पाण्यात ठेवलं. अहाहा. काय सांगू, तहानलेल्याला पाणी मिळावं तसं झालं. आधी कडा हिरव्या झाल्या, मग कोपरे, मग हळूहळू मधला भाग. काका खुर्ची ओढून शेवटपर्यंत बघत बसले. मी वाळल्यावर त्यांनी मीटर टेकवलं आणि काटा हलला. त्यांनी मीटर खाली ठेवलं, चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे पुसले.

शिंपीणबाई आल्या. काकांनी पट्टा मनगटाला बांधला, त्यांचं मशीन माझ्यावर ठेवलं आणि उघडलं. पहिल्यांदा बोटं जरा बिचकली. मग चिमट्याने ती केसासारखी तार धरली आणि ती जागची हलली नाही. नवा भाग बसला. झाकण लागलं. बाईंनी मशीन कानात घातलं, थोडा वेळ मान वाकडी करून बसल्या, आणि विचारलं, "आत कोण रडतंय?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "मला तर काही ऐकू येत नाही."

"तुम्हाला कधी येतं? मशीन माझ्या कानात आहे." बाई उठल्या, पडदा सारला आणि ओट्याला टेकून उभ्या असलेल्या सूनबाईला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. तिने पदर तोंडावर धरला होता.

"मामंजी, ट्रे मी धुतला. सोडा मी घातला."

"माहीत आहे मला."

"मग बोलला का नाहीत? दोन दिवस तुम्ही बोलत नाही. स्वेटरसुद्धा काढून ठेवलात."

"स्वेटर त्या बाईंनी टेबलापाशी घालू नका म्हटलं म्हणून काढला. रोज संध्याकाळी तोच घालून फिरायला जातोय, बघितलं नाहीस? आणि बोललो नाही ते तू घाबरशील म्हणून."

"बोलला नाहीत म्हणूनच घाबरले."

काकांनी हातातला चिमटा माझ्यात ठेवला. "अगं वेडे, मला वाटत होतं माझे हात गेले. तुम्हाला दोघांना कसं सांगू, हेच कळत नव्हतं. वाटी सुटेल म्हणून दोन्ही हातांनी धरून जेवत होतो. आणि फोनवर कळलं की कोणीतरी सोडा घातलाय. त्या क्षणी मला किती बरं वाटलं, तुला काय सांगू. तू सोडा घातलास म्हणजे माझे हात धडधाकट आहेत."

मग ते स्वतःच रडायला लागले. सूनबाईने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि ती ते सोडेचना. शिंपीणबाईंना सगळं नीट ऐकू येत होतं, तरी त्या खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

मी आता पुन्हा हिरवा आहे आणि दिव्याखालीच असतो. मित्रांनो, वस्तू जपायच्या म्हणजे तुमच्या मनाला येईल तशा घासायच्या नसतात. प्रत्येकीला काय चालतं आणि काय चालत नाही ते नीट विचारायचं, आणि उत्तर नीट ऐकायचं. मला तोंड नाही. माझा रंग बदलला तरी मी कोणाला हाक मारू शकत नाही, कोणीतरी बघेल म्हणून वाट पाहतो. त्या घरात मात्र तोंड असलेली दोन माणसं होती, एकमेकांना जीव लावणारी, आणि तीही माझ्यासारखीच गप्प बसली होती. तुम्ही तसे बसू नका. घरात कोणी हाताकडे बघत बसलेलं दिसलं, तर जवळ जाऊन काय झालंय ते विचारा.